म्हणींतली गावं आणि गावांच्या नावांमागच्या गोष्टी

शिवार:

कोथिंबीर आणायला गेलेलं माणूस जांभळं घेऊन परतलं की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं: "निघाले देवाच्या आळंदीला आणि पोचले चोराच्या आळंदीला." या दोन्ही आळंद्या खऱ्या आहेत. देवाची आळंदी म्हणजे इंद्रायणीकाठची, माउलींची. दुसरी हवेली तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला. तिचं कागदावरचं नाव आळंदी म्हातोबाची, पण जुनी माणसं तिला चोराची आळंदी म्हणत आली. पायी चालायच्या दिवसांत वाटेवर नुसतं "आळंदी कुठं राहिली?" विचारलं की दोन्हीकडे बोट दाखवणारं कुणीतरी भेटणारच. ही म्हण कुणी बसून रचलेली नसावी, एखादा वारकरी खरोखरच भलत्या गावच्या वेशीत जाऊन उभा राहिला असावा, असं मला मनापासून वाटतं.

तिथून डोक्यात घोळायला लागली ती गावांची नावं. सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, पलीकडे कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतलं 'बुजुर्ग', थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की महसुलाच्या दप्तरात घोळ नको म्हणून थोरलं-धाकटं लावलं गेलं. आज यातलं मोठं कोणतं हे इमारती बघून सांगता यायचं नाही, पण पाट्यांवर थोरलेपण टिकून आहे. आणि 'वडगाव बुद्रुक' हे नाव जरा थांबून वाचा. एक झाड, एक गाव आणि सुलतानी दप्तरातला एक शिक्का, सगळं दोन शब्दांत बसलंय.

तर मंडळी, तुमच्या भागातली गावाचं नाव असलेली म्हण सांगा. गावाचं नाव कशावरून पडलं याबद्दल घरातले थोरले काय सांगतात तेही लिहा. झाडावरून पडलं असेल तर ते झाड अजून आहे का, हे नक्की सांगा.

गोदाकाठ:

मस्त धागा. आमच्या नाशकात मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. माझ्या एका आत्याला सगळी आळी याच नावाने ओळखायची, आणि तिलाही ते आवडायचं. घंटा खरीच आहे. पंचवटीत नदीकाठी नारोशंकरांनी १७४७ साली रामेश्वराचं देऊळ बांधलं, त्याच्या दर्शनी भिंतीवर ती टांगलेली आहे. आपल्या देवळांतल्या घंटांपेक्षा तिची घडण वेगळी, कारण ती पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चांमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणी गेल्या, त्यांतली ही एक. भीमाशंकरला आणि मेणवलीलाही अशा घंटा आहेत.

नाशिक या नावाची शूर्पणखेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे दुसरीही एक आहे: "नाशिक नव टेकांवर वसविले." टेक म्हणजे उंचवटा. जुन्या नाशकात पायी हिंडलात तर ही ओळ पोटऱ्यांना पटते, गल्ली चढते आणि लगेच उतरते. मोगलाईत शहराचं नाव गुलशनाबाद होतं, पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक झालं. पण नाव त्याहून कितीतरी जुनं आहे, पांडवलेण्यांतल्या शिलालेखांतही ते सापडतं.

आणि पुराचं माप! गोदावरीला पाणी किती आलं हे कुणी फुटांत विचारत नाही. "दुतोंड्याला कुठवर लागलंय?" असं विचारतात. पात्रातला तो दोन तोंडांचा उंच मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला असेल तर लोक काठावर बघायला जातात, कमरेला लागलं की काठावरचे दुकानदार माल हलवायला घेतात, छातीच्या वर चढलं की सराफ बाजारात धावपळ सुरू.

टाकसाळ:

शिवारदादा, म्हणींतली गावं म्हटल्यावर अटक आणि पानिपत यांच्याशिवाय यादी सुरूच होत नाही. १७५८ च्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या, आणि आज पुतणी जिल्ह्यात पहिली आली तरी आपण 'अटकेपार झेंडा' म्हणतो. तीनच वर्षांनी पानिपत. त्यावरून 'पानिपत होणे' आणि 'विश्वास गेला पानिपतात'. या दुसऱ्यात विश्वासराव आणि विश्वास असे दोन्ही गेलेत. इतकी दुःखाची कोटी दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही.

पराभवाची बातमी सांकेतिक भाषेत आली ती आठवा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. तुमच्या वडगाव खुर्दमधला खुर्द आणि हा खुर्दा एकाच घरचे. लहान ते खुर्द, लहान नाणी ती खुर्दा. मोठ्या नोटेचा खुर्दा करून घ्या असं आमचे आजोबा म्हणायचे.

जाणकारांना एक प्रश्न. लढाई १४ जानेवारीची, म्हणून 'संक्रांत कोसळली' हा शब्दप्रयोग पानिपतावरून आला असं दर वर्षी संक्रांतीला फिरत असतं. हे खरं आहे का?

तिथीवार:

या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचंच होतं.

संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते आणि आपली पंचांगं नक्षत्रांच्या हिशेबाने चालतात. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरात संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आपल्याला १४ जानेवारीची इतकी सवय झालीय की ती तारीख कायमचीच वाटते. पण आपल्या डोळ्यांदेखत ती काही वर्षी १५ ला जायला लागलीच आहे. तोच हिशेब मागे नेला तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई झाली बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. म्हणजे त्या दिवशी संक्रांत नव्हती, होऊन काही दिवस लोटले होते. पुण्यात तिळगूळ वाटून झाला असेल तेव्हा पानिपतावर फौज उपाशी होती. मला तरी हे चित्र तारखांच्या योगायोगापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

मग 'संक्रांत येणे' आलं कुठून? उत्तर घरातल्या पंचांगात आहे. दर वर्षीच्या पंचांगात संक्रांतीचं रूप दिलेलं असतं: वाहन अमुक, उपवाहन तमुक, कोणत्या रंगाचं वस्त्र नेसलीय, हातात काय धरलंय, काय खातेय, कुठून आली, कुठे निघाली, कुठल्या दिशेला बघतेय. ती जे वापरते ते महागतं आणि जिकडे बघते तिकडे पीडा, असा समज. म्हणून आमच्या आळीत हळदीकुंकवाच्या आधी बायका हमखास विचारतात, "यंदा संक्रांत कशावर आहे गं?" पिवळ्यावर असेल तर पिवळी साडी त्या वर्षी कपाटातच राहते. एखाद्यावर संक्रांत येणे म्हणजे देवीची ती नजर त्याच्यावर पडणे. एवढं सरळ स्पष्टीकरण घरात असताना त्यासाठी पानिपतापर्यंत जायची गरज पडत नाही.

चिंचेचं बोटूक:

तिथीवार, वाचनखूण साठवली. आमच्याकडे अजून "यंदा काळ्यावर आहे का बघ" असा फोन येतो.

पेठेतला:

पुण्यावर अजून कुणी लिहिलं नाही? 'पुणे तिथे काय उणे' म्हणायला सगळे पुढे असतात.

आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशी नावं येतात. विषय म्हणजे प्रांत, आजच्या भाषेत जिल्ह्यासारखा. त्यावरून पुण्यनगरी म्हणायचं की पूनक, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला पेठांच्या नावांत जास्त रस आहे. शुक्रवार आधी विसापूर होती, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, शनिवार मूर्तजाबाद. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. गंज पेठेतला गंज म्हणजे बाजार. तिथेच फुलेवाडा आहे, आणि आता तिचं नाव महात्मा फुले पेठ. सदाशिव आणि नारायण पेशवे घराण्यातले, नाना पेठ नाना फडणवीसांची.

पण पुण्याची खरी बोली देवांच्या नावांत आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती नावं विनोदी वाटतात, मला ती फार मायेची वाटतात. पासोड्या विठोबा, कारण त्याच्या आजूबाजूला पासोड्या विकायला बसत. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. पत्र्या मारुतीवर पत्रा होता. बटाट्या मारुती शनिवारवाड्याजवळ, कारण १८८६ मध्ये मंडई उभी राहण्याआधी भाजीबाजार वाड्यासमोरच्या मैदानात भरायचा आणि कांदे-बटाटेवाले त्या मारुतीपाशी बसायचे. बाजार मंडईत गेला, मारुतीचं नाव जागेवर राहिलं. तिथे आज बटाटा औषधालाही मिळत नाही, पण नाव घेतलं की दीडशे वर्षांपूर्वी कोण कुठे बसत होतं ते कळतं. डुल्या मारुती, जिलब्या मारुती, उंटाड्या मारुती, गुपचूप गणपती, उपाशी विठोबा... यांतल्या प्रत्येकावर इथे कुणीतरी लिहायला हवं.

त्याच शनिवारवाड्यावरून 'ध चा मा करणे'. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. पत्रातल्या 'धरावे'चं आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, अशी आख्यायिका. एका अक्षराने माणूस मारता येतो, हे मराठी मुलाला शुद्धलेखनाच्या वहीआधी या गोष्टीतून कळतं.

दर्यावर्दी:

मुंबईची हजेरी लावतो.

शिवारदादा, तुमच्या नावापासूनच सुरुवात. शीव म्हणजे गावाची हद्द, तिच्यावरूनच शिवार. मुंबई बेट जिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची, ती शीव. परक्यांच्या लिखाणात तिचं सायन झालं. आमच्या घरात आजही 'शीवला उतर' असंच म्हणतात आणि मराठी पाटीवरही शीवच आहे.

पायधुणी हे माझं सगळ्यात लाडकं नाव. भरतीचं पाणी पार आत शिरायचं तेव्हा तो उथळ पट्टा तुडवत आलेली माणसं इथे चिखलाचे पाय धुऊन पुढे वस्तीत जायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीला बांध घातला आणि पाणी हटलं. आज तिथे समुद्राचा मागमूस नाही, चहूबाजूंनी बाजार आहे. वडाळा, चिंचपोकळी, फणसवाडी, उंबरखाडी, बोरिवली यांची झाडं नावातच दिसतात. पलीकडचं ठाणे म्हणजे शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक.

भेंडी बाजार म्हणजे किल्ल्यातल्या साहेबांचं 'बिहाइंड द बाजार', असं पर्यटकांना सांगितलं जातं. मला ते पटत नाही. भेंडीचं पिवळ्या फुलांचं झाड सगळ्या किनाऱ्यावर वाढतं. बाकी सगळ्या वस्त्यांनी झाडांवरून नाव घेतलं आणि याच एका बाजाराने इंग्रजांच्या तोंडाकडे बघितलं, असं कशाला होईल?

शिवार:

दर्यावर्दी, अगदी. घाटकोपरचं 'घाट के ऊपर'ही त्याच जातीचं. यालाच बादरायण संबंध म्हणतात. ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक अनोळखी गृहस्थ बैलगाडीतून एका घरी उतरले, चांगला पाहुणचार झाला. घरच्यांना वाटलं सासरचे, सुनेला वाटलं माहेरचे. शेवटी विचारलं, नातं काय? ते म्हणाले, "माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आणि तुमच्या दारात बोरीचं झाड. हा आपला बादरायण संबंध, एरवी तुम्ही तुम्ही, आम्ही आम्ही." बदर म्हणजे बोर.

तरीही गोष्ट खोटी निघाली म्हणून ती टाकून द्यावी असं मी म्हणणार नाही. नाशकात शूर्पणखेची गोष्ट सांगितल्याशिवाय पंचवटी दाखवता येते का? फक्त कुठली गोष्ट गोष्ट म्हणून सांगायची आणि कुठली इतिहास म्हणून, एवढं वेगळं ठेवू.

वऱ्हाडी पऱ्हाटी:

लय भारी धागा हाये हा. मले आमच्या इकडचं सांगू द्या.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' हे लहानपणापासून ऐकतो. काळी जमीन आणि कापूस, त्यातून आलेला पैसा, त्याची ही म्हण. अमेरिकेत यादवी सुरू झाली (१८६१ ते १८६५) आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडी आली, १८६७ ला नागपूरला पोचली. त्या आगगाडीने आमच्या गावांची नावंही बदलून टाकली. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर. एक झालं चांदूर रेल्वे, दुसरं चांदूर बाजार. तसंच धामणगाव रेल्वे, वर्धेकडे सिंदी रेल्वे. तुमच्या पुण्याकडे बुद्रुक-खुर्द, आमच्याकडे रेल्वे आणि बाजार! आता नरखेडच्या मार्गावर चांदूर बाजारलाही स्टेशन झालं, तरी त्याले रेल्वे कोणी म्हणत नाही.

अमरावतीचं मूळ उदुंबरावती सांगतात, उंबराच्या झाडांवरून. उंबरावती, उमरावती, अमरावती. आमची आजी 'उमरावती'च म्हणे. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. एवढं भारदस्त नाव झिजून झिजून तीन अक्षरी कसं झालं, ते एकदा मोठ्याने भरभर म्हणून पाहा, जीभच सांगते.

आणि झाडं विचारली होती. हिवरखेडात हिवर अजून आहेत, बांधावर. काट्यामुळे कोणी हात लावत नाही, म्हणून वाचले.

तापीकाठ:

अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, तिकडे नगरकडे पारनेर, संगमनेर. हा 'नेर' म्हणजे 'नगर'च. प्राकृतात 'ग' गळून 'नयर' झालं, मग 'नेर'. तसंच कोकणातलं 'वली' हे 'पल्ली'वरून, म्हणजे छोटी वस्ती: डोंबिवली, कांदिवली. दापोलीतली 'ओली'ही त्यातलीच. एकदा हे कळलं की एसटीच्या खिडकीतून पाट्या वाचत बसायला फार मजा येते.

चिंचेचं बोटूक:

सगळे गावांबद्दल लिहिताहेत, मला त्याहून बारीक जागांबद्दल लिहायचंय. शेतांच्या नावांबद्दल.

माझं सासर जुन्नर भागातलं. लग्नानंतर पहिल्यांदा शेतावर डबा घेऊन जायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माणसं पाटाखालच्यात आहेत, नसली तर जांभळीत बघ." जांभळीत म्हणजे झाडावर का, असं मी विचारलं नाही, चालत राहिले. हळूहळू सगळी नावं पाठ झाली: जांभळीचं वावर, पाटाखालचं, टेकाडाचं, खळ्यामागचं, देवाचं, चिंचेचा तुकडा. जांभळीच्या वावरात आज जांभूळ नाही, सासऱ्यांच्या वडिलांनीही ते पाहिलं नव्हतं. देवाचं म्हणजे कधीकाळी देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम दिलेलं.

सातबाऱ्यावर यांतलं काहीच नाही. तिथे गट क्रमांक. त्याआधी सर्व्हे नंबर होते. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि तुकडे जोडून गट पडले. कागदाला नंबर पुरतो, पण बैल, माणूस आणि न्याहारी कुठे न्यायची हे नंबराने कळत नाही. वाटण्या होतात तेव्हाही भाऊ "मला टेकाडाचं नको" असंच म्हणतात, गटाचा आकडा कुणी उच्चारत नाही. धाकटी जाऊ आणि मी मिळून एका वहीत नकाशा काढून ही नावं लिहायला घेतली आहेत. सासूबाई ओट्यावर बसून हद्दी सांगतात: "तिथं बांध वाकडा काढ, सरळ नाही तो."

तुमच्याकडच्या शेतांची नावंही लिहा ना. मला वाटतं गावांच्या नावांपेक्षा ही आधी पुसली जातील.

गोदाकाठ:

बोटूकताई, किती छान लिहिलंत. माझ्या माहेरी निफाडकडे 'मळई' आहे, पूर येऊन गेला की गाळ साठतो ती नदीकाठची जमीन. आणि 'बारवेचं'. बारव बुजली, नाव आहे.

शिवार:

बोटूकताई, शेतांच्या नावांसाठी वेगळा धागा हवाच. इथे फक्त एक जोड देतो. जुन्या मराठीत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या घरं पडतात, मातीच्या भिंती विरतात, चुलीतली राख साठते, त्यावर पुन्हा घरं उठतात. तो ढिगारा पांढुरका होतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात आलेलं तगर, अशाच पांढरीवर बसलंय. तिथल्या टेकाडांत सातवाहन काळातल्या वस्तू सापडल्या. घराला लिंपायला लोक पांढरीची माती आणत, तेव्हा तिच्यातून मणी आणि खापरं निघत. 'काळी आई' सगळे म्हणतात, पांढरीला मात्र कुणी विचारत नाही. कुणाच्या गावात पांढरीच्या टेकाडाला अजून नाव असेल तर सांगा.

वऱ्हाडी पऱ्हाटी:

आमच्याकडे त्याले 'गढी' म्हणतात. जुन्या पाटलाचा वाडा होता तिच्यावर. आता नुसता बुरुज आहे आणि पावसाळ्यानंतर पोरं तिथं मणी हुडकत असतात. खालच्या वावराचं नाव 'गढीखालचं'. बोटूकताई, वहीत लिहून घ्या. बाजूचं 'नवरीचं वावर', लेकीच्या लग्नात आंदण दिलेलं. त्याच्या पलीकडचं 'रेल्वेचं', रुळाले लागून.